घेटुळीच्या मागावर सिरसाळ्यात

चिपळूणहून सहसा कोणी सिरसाळ्याला जात नाही. गेलंच तर परळीपर्यंत जातं, वैजनाथाचं दर्शन घेतं आणि परत येतं. मी आणि आमच्या कॉलेजातले थत्ते सर मात्र तिकडं गेलो ते एक तण उपटून आणायला. हे शेजारच्या काकींना सांगितलं तेव्हा त्यांनी आपल्या परसाकडं बोट केलं. "तणच हवंय ना? हे घेऊन जा. हवं तेवढं उपट, वर चहा देते."

काकींचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आम्हाला हवी होती ती घेटुळी. संस्कृतात तिला पुनर्नवा म्हणतात, म्हणजे पुन्हा नवी होणारी. उन्हाळ्यात वाळून दिसेनाशी होते आणि पाऊस पडला की मुळातून परत फुटते. आमच्याकडंही ती उगवते, पण कोकणातल्या घेटुळीला पाण्याची ददात म्हणून माहीत नाही. कोरड्या मुलखात, काळ्या मातीत वाढलेल्या घेटुळीचं मूळ कसं असतं आणि त्याच्या अर्कात काही फरक पडतो का, हे आम्हाला बघायचं होतं.

मी औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकवते. काही औषधं फार गुणाची असतात, पण मूत्रपिंडांना झेपत नाहीत. जंतुसंसर्गावरची काही इंजेक्शनं, कॅन्सरवरची काही औषधं, आणि वर्षानुवर्षं घेतल्या तर साध्या अंगदुखीच्या गोळ्यासुद्धा. अशा औषधांपासून मूत्रपिंडांना वनस्पतींचे अर्क वाचवू शकतील का, हा माझा विषय. प्रयोगशाळेत आम्ही काही उंदरांना नुसतं औषध देतो, काहींना औषधाबरोबर घेटुळीचा किंवा गोखरूचा अर्क देतो आणि मग दोघांची मूत्रपिंडं ताडून बघतो. आमच्या उंदरांपुरतं उत्तर आतापर्यंत 'थोडंफार वाचवतात' असं आहे. माणसांच्या बाबतीत उत्तर 'माहीत नाही' असं आहे. हे दुसरं वाक्य मी त्या प्रवासात इतक्या वेळा बोलले की शेवटी थत्ते सर माझ्या आधीच ते म्हणायला लागले.

परळी स्टेशन ते सिरसाळा

आमचे यजमान बापूराव स्वतः जीप घेऊन स्टेशनवर आले होते. त्यांची मुलगी आमच्या कॉलेजात शिकली, लग्न होऊन नाशिकला गेली, आणि तिनंच फोन करून आमची सोय लावली होती. बापूराव एके काळी गावचे सरपंच होते. पांढऱ्या मिशा, पांढरं धोतर, आणि चालताना एक हात सतत कमरेवर. मला आधी तो सरपंचकीचा रुबाब वाटला.

थत्ते सरांच्या काखेत रोपं दाबून वाळवायची लाकडी चौकट होती. बापूरावांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ह्ये पापडाचं हाय का?"

"नाही, यात झाडं वाळवतात," थत्ते सर म्हणाले. सर उंच, किडकिडीत आणि अतिशय मृदू बोलणारे आहेत. त्यांचं बोलणं ऐकायला माणसाला नेहमी एक पाऊल पुढं यावं लागतं.

बापूराव एक पाऊल पुढं आले. "झाडं वाळवायला एवढं कशाला आणलं? आमच्याकडं टाकलं तिथंच वाळतंय."

परळीच्या वीजकेंद्राची धुराडी मागं पडली आणि दोन्ही बाजूंना कापूस सुरू झाला. सोयाबीनची काढणी चालली होती. कोकणातल्या माणसाला इथं पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं ते नजरेचं. आमच्याकडं बघावं तर नजर लगेच कुठल्या तरी आंब्याला नाहीतर डोंगराला अडते. इथं ती सोडली की जातच राहते, आणि परत बोलावून घ्यायला जरा वेळ लागतो.

रात्रीच्या जेवणाला येसराची आमटी होती. भाजलेल्या धान्यांचा आणि मसाल्याचा हा येसर म्हणजे मराठवाड्यातल्या गृहिणींनी ऐन वेळी आलेल्या पाहुण्यांचा करून ठेवलेला बंदोबस्त. त्याबरोबर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. मी सवयीनं भाताची चौकशी केली. बापूरावांच्या पत्नी, त्यांना मी शांताकाकू म्हणू लागले होते, आत गेल्या आणि एका वाटीत भात घेऊन आल्या. आजाऱ्याला द्यावा एवढाच तो होता. "बरं न्हाई का वाटत, ताई?" त्यांनी काळजीनं विचारलं. त्यानंतर मी भात मागितला नाही.

जेवता जेवता बापूरावांनी आमच्या कामाची सविस्तर चौकशी केली. मी सांगितलं. वर्गातल्या मुलांपेक्षा त्यांचं लक्ष चांगलं होतं.

"म्हंजे," ते म्हणाले, "गोळीनं बिघाड करायचा आन् पाल्यानं दुरुस्त करायचा."

"उंदरांमध्ये," मी म्हणाले. "माणसांचं माहीत नाही."

"उंदीर काय आन् मानूस काय. दोघंबी ज्वारीच खातेत."

सगळे हसले. मीही हसले. हे वाक्य किती लांब जाणार आहे याची मला तेव्हा कल्पना आली नाही.

बांधावर

सकाळी बापूरावांच्या बांधावर आम्ही उतरलो. घेटुळी म्हणवून घेणारी दोन तणं आहेत, लाल आणि पांढरी, आणि बाजारात एकीच्या नावाखाली दुसरी सर्रास खपते. आम्हाला हवी होती ती लाल. तांबूस देठं, इवलीशी गुलाबी फुलं आणि कपड्याला चिकटणारी फळं. थत्ते सर गुडघ्यावर बसून प्रत्येक रोपाशी पाहुण्यासारखं बोलत होते. काळ्या मातीत तिची मुळं सोटासारखी खाली गेली होती. कोकणात आम्ही ती चिमटीनं उपटतो, इथं कुदळ लागली.

बापूरावही खणू लागले. दर थोड्या वेळानं उभे राहायचे, कंबर दाबायचे. एकदा बंडीच्या खिशातून एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. मला वाटलं ॲसिडिटीची असेल.

दुपारपर्यंत गोणीभर रोपं झाली. मुळं, देठं, पाला सगळं धुऊन, निवडून आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवलं आणि हातपाय धुवायला गेलो. जेवायला बसलो तर ताटात पालेभाजी होती. लसणाची फोडणी, वर भरडलेली डाळ. अतिशय सुरेख झाली होती. मी दोनदा घेतली.

"काकू, भाजी कसली?"

"तुमचीच की," शांताकाकू म्हणाल्या. "लई बारीक निवडून आणली होती. आमच्या सुनंला दाखवली म्या, म्हणलं बघ, कोकणातली मानसं भाजी कशी निवडतेत."

थत्ते सरांचा घास हातातच राहिला. "आणि मुळं?"

"मुळं कोण खातंय, सर? उकिरड्यावर टाकली."

त्या दिवसाचा उरलेला भाग सरांनी उकिरड्यावर काढला. आम्ही वाचवून आणलेली मुळं परत धुतली, तेव्हा ती आणि शेणातून निघालेली इतर कुठली तरी मुळं यांच्यात कोण कुणाचं हे सरांनाही सांगता येईना. शास्त्रात अशा नमुन्याला किंमत नसते. आम्ही तो सगळा उकिरड्यालाच परत केला. शांताकाकूंना वाईट वाटलं, पण फार नाही. "पोटात गेली ना? मंग वाया कुठं गेली?" त्या म्हणाल्या.

हिरवा पेला

दुसऱ्या सकाळी मी चहाला बाहेर आले तर बापूराव ओट्यावर बसून हिरवा रस पीत होते. पेला रिकामा केला, मिशा पुसल्या, बंडीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि एकदम दोन गोळ्या तोंडात टाकल्या.

"कसली गोळी, बापूराव?"

"दुखण्याची. पाठीला लागते." त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. "आधी सकाळी एक आन् सांजच्याला एक घेत होतो. शांता लई कटकट करायची, एवढ्या गोळ्या कावून खाता म्हून. आता तिचं तोंड बंद केलं. घेटुळी वाटून घेतली, सोबत गोखरूबी टाकला. आता दोन-दोन घेतल्या तरी फिकीर न्हाई."

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच की."

माझा चहा कपातच राहिला. मी ती पट्टी वाचली. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या होत्या, आठवडाभर घ्यायच्या, आणि बापूराव त्या कापसाला खत घालावं तशा कित्येक वर्षं घेत होते. मग माझं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. चपला काढून ठेवल्या होत्या, आणि पट्ट्यांचे वळ पावलांवर खोल रुतून तसेच राहिले होते. मी विचारून नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तो काही लवकर भरून येईना.

"सूज कधीपासून आहे?"

"चार-दोन महिने झाले असतील. उन्हात उभं राहिलं की येते."

मी त्यांना समजावलं. मूत्रपिंडांवर ताण आला असण्याची शक्यता आहे, रक्त तपासायला हवं, तोवर गोळ्या बंद करा आणि रसही बंद करा. अंबाजोगाईला एवढा मोठा सरकारी दवाखाना आहे, आजच जाऊ. बापूरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माजी सरपंच विरोधी पक्षाचं म्हणणं ऐकून घेतो तसं.

"ताई, तुमी परवा सांगितलं तवा उंदीर बरा झाला. आज म्हणता मानसाचं माहीत न्हाई. आधी तुमचं एक ठरवा."

"परवाही मी हेच म्हणाले होते."

"परवा जेवताना म्हणलात. जेवतानाचं कोण मोजतंय?" ते उठले, एक हात कमरेवर ठेवून. "दवाखान्यात मी जात न्हाई. बाकी काय पाहिजे ते सांगा."

मी चुलीपाशी गेले. शांताकाकू भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"त्यांच्या मोठ्या भावाचं असंच झालतं," त्या खाली बघतच म्हणाल्या. "पाय सुजले, मंग तोंड सुजलं. लई उशिरा नेलं. मशीनवर रक्त धुवायचे त्यांचं. ह्ये रोज डबा घेऊन जायचे. भावजी गेले, आन् तवापासून ह्यांनी त्या दवाखान्याचं दार बघितलं न्हाई. त्यांना वाटतंय, आत गेलं की मशीनच." भाकरी तव्यावर पडली. "मला भांडता येतंय, ताई, पर भ्यालेल्या मानसाशी कसं भांडू?"

 मी नुसती त्यांच्याजवळ बसले. पहिल्या रात्री हसत हसत झालेल्या गप्पांतून या माणसानं नेमकं त्याला हवं तेवढंच उचललं होतं, आणि ते मी काढून घेऊ शकत नव्हते.

डोंगर, शेळ्या आणि एक काटा

काम तर करायलाच हवं होतं. बापूराव आम्हाला परळीच्या पुढं, अंबाजोगाईच्या रस्त्यालगतच्या डोंगरावर घेऊन गेले. शांताकाकू म्हणाल्या, मीबी येते, सीताफळं काढायची हायेत. बालाघाटाच्या या खडकाळ उतारांवर सीताफळ कोणी लावावं लागत नाही. ते आपल्या मर्जीनं येतं आणि असं गोड येतं की आमच्या हापूसचा ताठा जरा उतरावा. झाडावर डोळे उघडलेलं फळ काढायचं, तिथंच फोडायचं आणि बिया दूर फेकत पुढं जायचं.

उतारावर पारूबाई शेळ्या चारत होत्या. साठीच्या, बोलक्या, माहेर गेवराईकडचं, उमापूरचं. आम्ही झाडपाला शोधतोय म्हटल्यावर त्यांनी उत्साहानं एकामागून एक पानं आणून द्यायला सुरुवात केली.

"ह्ये किडनीला चालतंय का?" मी एक पान हातात घेऊन विचारलं.

"चालतंय की. कशालाबी चालतंय. शेळी फुगली तरी ह्येच देते."

"आणि हे दुसरं?"

"ह्ये नवऱ्याला देत होते, दारू सुटायला."

"सुटली?"

"न्हाई. पर त्याला झोप चांगली लागायची."

थत्ते सरांनी तीही पानं आदरानं चौकटीत ठेवली. दुपारपर्यंत घेटुळीचा नवा, शुद्ध, कोणाच्याही स्वयंपाकघरापासून लांब असलेला नमुना तयार झाला. सरांनी मुळं एका खडकावर उन्हात पसरली आणि गोखरू शोधायला पलीकडं गेले. मी सीताफळाच्या नादात होते. परत आलो तेव्हा खडक स्वच्छ होता आणि एक काळी शेळी थत्ते सरांची टोपीही चाखून बघत होती.

पारूबाईंनी शेळीच्या पाठीत एक धपाटा घातला. "हिचं असंच हाय. हिला चांगलं तेवढंच कळतं." मग मला धीर देत म्हणाल्या, "घाबरू नका, ताई. हिला काय हुत न्हाई. हिनं एकदा प्लास्टिकची पिशवी खाल्लती."

सर टोपी सोडवायला धावले आणि दोन पावलांवर खाली बसले. ज्या गोखरूच्या शोधात ते सकाळपासून होते तो त्यांना सापडला होता, चप्पल आरपार भेदून, टाचेत. गोखरूच्या फळाला चहू अंगांनी काटे असतात. आमच्या पुस्तकात त्याचं सुंदर चित्र आहे. काटा काढताना त्यातला अर्धा आत मोडला, टाच बघता बघता सुजली, आणि जमिनीवर शेळ्यांच्या लेंड्यांचा सडा होता.

"धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल," मी म्हणाले.

बापूराव लगेच उठले. त्यांच्या दारी आलेल्या पाहुण्याला काटा लागला होता. "चला. अंबाजोगाई जवळच हाय." जीपमध्ये बसताना त्यांनी क्षणभर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघितलं. मग किल्ली फिरवली. शांताकाकू सीताफळांची पाटी मांडीवर घेऊन मागं बसल्या होत्या. 

अंबाजोगाई

दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या झाडांखाली माणसं डबे सोडून बसली होती. थत्ते सर एका बाजूनं बापूरावांच्या आणि दुसऱ्या बाजूनं माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत आत गेले. दारापाशी बापूरावांचं पाऊल जरा अडखळलं.

"दादाला ह्याच दारातून आत नेलतं," ते म्हणाले. थत्ते सरांचं वजन खांद्यावर होतं, त्यामुळं त्यांना थांबता आलं नाही.

तपासणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या, झटपट बोलणाऱ्या. त्यांनी टाचेतला काटा काढला आणि इंजेक्शन भरलं. थत्ते सर छताकडं बघून गोखरूचं शास्त्रीय नाव पुटपुटू लागले. सुई टोचली, नाव अर्ध्यावर राहिलं आणि सर पांढरेफटक पडले. त्यांना कॉटवर आडवं करावं लागलं.

बापूराव खो खो हसायला लागले. मी त्यांना भेटल्यापासून ते इतके हसले नव्हते. डोळ्यांतून पाणी आलं. "एवढा डोंगर चढला मानूस," ते म्हणत होते, "आन् सुईला—"

तेवढ्यात शिपायानं नाव पुकारलं. बापूरावांचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

हसू थांबलं. त्यांनी मागं वळून शांताकाकूंकडं बघितलं. त्यांच्या हातात केसपेपर होता.

"तू केलंस ह्ये?"

"म्या केलं."

"कावून?"

"भावजींच्या टायमाला कुणी लवकर इचारलं न्हाई," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "जाऊबाई अजूनबी म्हणतेत, एकदा इचारलं असतं तर बरं झालं असतं. मला पुढं तसं म्हणायचं न्हाई."

 डॉक्टरांनी समोरची खुर्ची जरा पुढं ओढली. बापूराव तिच्यावर बसले, बाही वर केली आणि हात पुढं केला. 

"बापूराव," कॉटवरून थत्ते सरांचा क्षीण आवाज आला, "वर बघा. वर बघितलं की बरं वाटतं."

"तुमाला बरं वाटलेलं बघितलं की म्या," बापूराव म्हणाले. पण वर बघितलं.

रिपोर्ट यायला वेळ होता. आम्ही झाडाखाली बसलो. सीताफळं होती, पण कोणी हात लावला नाही. बापूराव आत जाणाऱ्या-येणाऱ्यांकडं बघत राहिले आणि शांताकाकू उगाच पदराच्या टोकाला गाठ मारून सोडत होत्या. मी मनातल्या मनात आकडे धरून बसले होते. इतका असला तर असं, तितका असला तर तसं. उंदरांचे रिपोर्ट मी चहा पीत वाचते. त्या दिवशी मला चहाही गेला नाही.

डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं.

"क्रिएटिनिन वाढलंय," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडं नीट काम करत नाहीयेत. पण गेलेली नाहीत. रोज गोळ्या घेता का कसल्या?"

बापूरावांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग माझ्याकडं हात करून, माझी बाजू मांडावी तशा थाटात म्हणाले, "पर म्या घेटुळीचा रसबी पितोय, मॅडम. ह्या ताई मोठ्या सायंटिस्ट हायेत. ह्यांचंच औषध हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मला त्या क्षणी घेटुळीसारखं जमिनीत जाऊन पुढच्या पावसाळ्यात उगवावंसं वाटलं.

"उंदरांवर," मी म्हणाले. "माणसांचं माहीत नाही."

"हे उंदीर नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. मग बापूरावांकडं वळून त्यांनी जे सांगितलं ते मी ओट्यावर धड सांगू शकले नव्हते. "काका, घेटुळीत पोटॅशियम भरपूर असतं. निरोगी माणूस ते लघवीतून बाहेर टाकतो. तुमची मूत्रपिंडं आधीच दमलीत, त्यांना ते टाकता आलं नाही तर ते रक्तात साठतं आणि हृदयाला त्रास होतो. म्हणून गोळी बंद आणि रसही बंद. पाठीसाठी दुसरं औषध देते आणि व्यायाम दाखवायला पाठवते. काही आठवड्यांनी परत रक्त तपासू. वेळेवर आलात, बहुतेक सावरेल."

"मशीन?" बापूरावांनी विचारलं. एकच शब्द.

"मशीनची आत्ता काही गरज नाही."

 बापूरावांनी बंडीच्या आतल्या खिशातून दुसरी पट्टी काढून टेबलावर ठेवली. मग धोतराच्या कनवटीतून तिसरी. बाहेर आल्यावर शांताकाकूंनी जीपमध्ये सीटखाली हात घालून चौथी काढली, आणि तंबाखूच्या डब्यातली पाचवी थत्ते सरांना सापडली. सगळ्या घेऊन काकू लंगडणाऱ्या सरांपेक्षाही सावकाश चालत परत आत गेल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून आल्या. येताना मात्र भराभर आल्या. मग सीताफळांची पाटी रिकामी झाली.

परत बांधावर

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही तिसऱ्यांदा घेटुळी खणली. बापूराव बरोबर आले, पण आता गोळी नव्हती, आणि पाठ आपलं अस्तित्व जाणवून देत होती. नवं औषध सौम्य होतं. कुदळ दोनदा उचलल्यावर ते ताठ झाले आणि डोळे मिटून उभे राहिले.

"ताई, येक सांगा," ते म्हणाले. "गोळी न्हाई, रस न्हाई. मंग दुखल्यावर मानसानं करायचं काय?"

 मूत्रपिंडं वाचवायला आम्ही अर्क शोधतो आहोत. पाठ वाचवायला बापूरावांनी त्या वयात दिवसभर राबणं कमी करायला हवं होतं, आणि ते त्यांना सांगायची माझी काय प्राज्ञा?

कापूस वेचणाऱ्या शांताकाकूंनी मान वर केली. "दुखल्यावर बसायचं," त्या म्हणाल्या. "शेत काय पळून चाललंय का?"

बापूरावांनी चहूकडं बघितलं. बायका वेचत होत्या, पलीकडं सोयाबीनची मळणी चालली होती, सगळे कामात होते. ते बाभळीच्या सावलीला बांधावर बसले. बसायची सवय नसलेला माणूस कसा बसतो ते मी तेव्हा पाहिलं. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी थत्ते सरांनी धुतलेली मुळं त्यांच्यापुढं फडक्यावर पसरली आणि एक काठी हातात दिली. "शेळ्या येतील," सर म्हणाले. बापूरावांच्या चेहऱ्यावर जीव आला. त्यानंतर त्या बाजूला शेळीच काय, चिमणीसुद्धा फिरकली नाही.

तो नमुना आमच्याबरोबर चिपळूणला सुखरूप पोचला. मुळं वाळवली, दळली, अर्क निघाला. सिरसाळ्याच्या घेटुळीचा अर्क कोकणातल्यापेक्षा गडद आला आहे. त्याचा काय अर्थ लावायचा ते उंदीर सांगतील, आणि ते घाई करत नाहीत.

मध्यंतरी एका सकाळी शांताकाकूंचा फोन आला. बापूरावांचं रक्त परत तपासलं होतं. आकडा उतरला होता, अगदी जागेवर नाही, पण पायांची सूज गेली होती. डॉक्टर खूश होत्या. मला एकदम हलकं वाटलं. मी म्हणाले, काकू, मग आता त्यांनाही सांगितलं असेल, किती आनंद झाला असेल.

"अजून सांगितलं न्हाई, ताई," काकू हळू आवाजात म्हणाल्या. बापूराव जवळच असावेत. "रिपोर्ट म्याच आणला. सांगते की, सांजच्याला सांगते. बरं हाय म्हणलं की लगीच शेताकडं पळतील. आता उन्हं वर आली तरी ओट्यावर बसलेत, माझ्यासंगं च्या पितेत. लगीन झाल्यापासून असं कधी बसले न्हाईत. एवढा कप हुंद्या."